गोळ्या बंद करण्याआधी

टीबीच्या गोळ्यांचा पहिला डोस घेतला की काही तासांतच लघवी नारिंगी-लाल होते. ज्याला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, तो घाबरतोच. रक्त जातंय असं वाटतं, मूत्रपिंड निकामी झालं असं वाटतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "औषध फार गरम आहे, तुला सोसत नाहीये." दुसऱ्या दिवशीच्या गोळ्या तशाच पाकिटात राहतात. खरं तर हा रंग रिफाम्पिसिन या औषधाचा. ते मुळातच विटकरी रंगाचं आहे आणि लघवी, घाम, थुंकी, अश्रू या सगळ्यांतून बाहेर पडतं. पांढऱ्या शर्टाच्या काखा पिवळट होतात, डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्यांवर कायमचा डाग बसतो. शरीराला यातून काहीही अपाय होत नाही. गोळ्या संपल्या की रंगही जातो. एवढी दोन वाक्यं पहिल्या दिवशी सांगितली, तर त्या घरातली भीती तिथेच संपते.

टीबीच्या उपचाराबद्दल आपल्याकडे बरंच बोललं जातं, पोस्टर लागतात, "औषध मध्येच सोडू नका" हे वाक्य तर पाठच झालेलं आहे. पण माणूस औषध मध्येच का सोडतो, याचं उत्तर पुष्कळदा त्या गोळ्यांच्या त्रासात असतं आणि त्याविषयी मात्र फार कमी बोललं जातं. माझं म्हणणं असं, की त्रास होणार हे आधी सांगणं आणि झाला की त्याच दिवशी सांगणं, हा उपचाराचाच भाग आहे. कारण त्रास दोन जातींचे आहेत. एका जातीत गोळ्या चालू ठेवून त्रासावर इलाज करायचा असतो. दुसऱ्या जातीत त्याच दिवशी गोळ्या थांबवून दवाखाना गाठायचा असतो. पहिल्या जातीच्या त्रासाला घाबरून माणूस गोळ्या सोडतो आणि दुसऱ्या जातीचा त्रास अंगावर काढत गोळ्या खात राहतो. दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

औषधांना दाद देणाऱ्या साध्या टीबीला भारतात सहा महिन्यांचा उपचार दिला जातो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. पूर्वी सरकारी कार्यक्रमात ही औषधं आठवड्यातून तीनदा देत. २०१७ पासून ती रोज देण्याची पद्धत देशभर लागू झाली. चारही औषधं एकाच गोळीत एकत्र केलेली असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला तीन, ५० ते ६४ किलोच्या माणसाला चार. गोळ्यांची संख्या कमी झाली ही मोठीच सोय झाली. पण कुठल्या औषधामुळे काय होतंय हे रुग्णाला कळेनासं झालं. गुडघे दुखले तरी ती गोळी, उलटी झाली तरी ती गोळी, सगळा ठपका एकाच गोळीवर. आत मात्र चार वेगवेगळी औषधं आहेत, आणि प्रत्येकाचा त्रास वेगळा.

प्रत्येकाचं कामही वेगळं आहे. १९५२ साली आयसोनियाझिड आलं तेव्हा टीबीचा उपचार दीड-दीड वर्ष चाले. १९५७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या वनातली माती मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेत आली. तिच्यात सापडलेल्या जिवाणूपासून पुढे रिफाम्पिसिन तयार झालं आणि उपचार नऊ महिन्यांवर आला. त्यात सुरुवातीचे दोन महिने पायराझिनामाइड घातलं की सहा महिने पुरतात, हे १९७०च्या दशकातल्या चाचण्यांनी दाखवलं. सुस्त पडून राहिलेल्या जंतूंना ते मारतं. म्हणजे सांधे दुखतात म्हणून पायराझिनामाइड काढून टाकलं, तर सहाचे नऊ महिने होतात. कुठलंही औषध काढताना डॉक्टर इतका विचार का करतात, ते यावरून ध्यानात येईल.

आणखी एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी. टीबी म्हणजे सॅनेटोरियम, हवापालट, मिरजेजवळची वानलेसवाडी, ही आपल्या आजी-आजोबांच्या पिढीची आठवण. मद्रासमध्ये एक मोठी चाचणी झाली आणि १९५९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरीब, दाटीवाटीच्या घरात राहून औषधं घेणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात, असं त्यातून दिसलं. साऱ्या जगानं मग घरच्या घरी उपचार ही रीत उचलली. ते योग्यच झालं. पण औषध घरी आलं तसा औषधाचा त्रासही घरी आला, आणि रात्री दोन वाजता मळमळलं तर विचारायला शेजारी नर्स उरली नाही. ते काम आता आशाताई, उपचार सहाय्यक आणि घरच्यांवर आहे.

सर्वांत जास्त तक्रार पोटाची. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, आंबट ढेकर, भूक मरणं, पोटात गोळा आल्यासारखं वाटणं हे अनेकांना होतं. रिकाम्या पोटी घेतलं तर रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड जास्त चांगलं शोषलं जातं, म्हणून सकाळी उठल्यावर गोळ्या घ्यायला सांगतात. पण रिकाम्या पोटी जर त्या पोटात टिकतच नसतील, तर थोडंसं हलकं खाऊन घेतलेल्या गोळ्या न घेतलेल्या गोळ्यांपेक्षा केव्हाही चांगल्या. अर्धी भाकरी, थोडी मऊ खिचडी, दोन बिस्किटं पुरतात. तुपातला शिरा किंवा वडा-पाव नको. तेलकट-तुपकट खाण्यावर औषध नीट शोषलं जात नाही. काहींना रात्री झोपताना घेतल्यावर मळमळ जाणवत नाही. डॉक्टरांशी बोलून तशी वेळ बदलता येते. मात्र तीन गोळ्यांपैकी एक सकाळी, एक दुपारी, एक रात्री अशी वाटणी करू नये. रक्तात औषधाची पातळी एकदम उंच जायला हवी असते, तिचे तुकडे केले की जंतूंना सवड मिळते. ॲसिडिटीची पातळ पांढरी औषधंही गोळ्यांच्या सोबत घेऊ नयेत, आयसोनियाझिड त्यांच्यामुळे कमी शोषलं जातं. मध्ये दोन तासांचं अंतर असावं.

पोटाच्या तक्रारीत एक फरक मात्र नीट लक्षात ठेवायला हवा. पहिल्या दिवसांतली मळमळ, जी हळूहळू कमी होत जाते, ती बहुधा पोटाची. तीन-चार आठवडे सगळं सुरळीत चाललेलं असताना अचानक अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या, कमालीचा थकवा आला, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर ती मळमळ पोटाची नसून यकृताची असू शकते. अशा वेळी मेडिकलमधून उलटीची गोळी आणून दिवस ढकलणं धोक्याचं.

यकृताबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण टीबीच्या औषधांचा सर्वांत गंभीर त्रास तिथेच होतो. चारांपैकी पायराझिनामाइड, आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. इथॅम्ब्युटॉल तेवढं यकृतापुरतं निर्धोक. किती जणांना हा त्रास होतो याचे आकडे निरनिराळ्या अभ्यासांत २ टक्क्यांपासून २८ टक्क्यांपर्यंत आहेत. दारू पिणारे, वय झालेले, कुपोषित, आधीच बी किंवा सी कावीळ असलेले, एचआयव्ही असलेले यांना धोका जास्त. बहुतेक वेळा तो पहिल्या दोन महिन्यांत दिसतो. दुसरीकडे, आयसोनियाझिड घेणाऱ्या शंभरातल्या दहा ते वीस जणांच्या रक्तात यकृताची विकरं थोडी वाढतात आणि गोळ्या चालू असतानाच आपोआप खाली येतात. म्हणून एसजीपीटी हे यकृताचं विकर साठ-सत्तर आलं एवढ्यावर औषध बंद करत नाहीत. साधारण नियम असा, की काही लक्षण नसेल तर सामान्य मर्यादेच्या पाचपट, आणि मळमळ, उलटी, कावीळ असं लक्षण असेल तर तिपटीच्या वर गेलं, की यकृताला त्रास देणारी तिन्ही औषधं थांबवतात. मर्यादा ४० धरली तर हे आकडे २०० आणि १२० होतात. ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी औषध सुरू करण्याआधीच एकदा रक्त तपासून घ्यावं, म्हणजे नंतर तुलना करायला आकडा हाताशी राहतो.

काविळीची घरच्या घरी पारख करताना लोकांची फसगत होते ती याच लाल लघवीमुळे. लघवीचा रंग आधीच बदललेला, मग कावीळ झाली हे कळायचं कसं? रिफाम्पिसिनचा रंग गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत सर्वांत गडद असतो आणि पुढे फिका होत जातो. काविळीत लघवी दिवसभर गडद, काळ्या चहासारखी राहते. पण खरी खूण डोळ्यांत असते. सकाळच्या उजेडात खिडकीशी उभं राहायचं, खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग दुसऱ्या कुणाला तरी पाहायला लावायचं. पिवळ्या बल्बखाली हे पाहू नये, तिथे सगळेच डोळे पिवळे दिसतात. डोळे पिवळे असतील तर त्या दिवशीच्या गोळ्या घेऊ नयेत आणि त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, दवाखान्यात जावं.

इथे आपल्याकडची एक अडचण मनापासून सांगावीशी वाटते. कावीळ म्हटली की गावोगाव झाडपाल्याचं औषध देणारे आहेत, माळ घालणारे आहेत. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, आणि तिचं श्रेय पिढ्यान्‌पिढ्या त्या औषधाला मिळत आलं आहे. पण गोळ्यांमुळे झालेली कावीळ वेगळी आहे. तिचं कारण रोज सकाळी पोटात जातंय. एका हातानं झाडपाला आणि दुसऱ्या हातानं टीबीच्या गोळ्या असं चाललं तर यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो. काही झाडपाल्याची औषधं स्वतःच यकृताला बाधतात. याच काळात दारू तर नकोच. तापाची किंवा अंगदुखीची पॅरासिटामॉलही मनाला येईल तितकी घेऊ नये.

औषधं थांबवली म्हणजे उपचार संपला असं नाही, आणि हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं. यकृत सावरायला सहसा काही आठवडे लागतात. लक्षणं गेली आणि रक्ताचे आकडे खाली आले, की औषधं एकेक करून पुन्हा सुरू करतात. बहुधा आधी इथॅम्ब्युटॉलसोबत रिफाम्पिसिन, तीन ते सात दिवसांनी आयसोनियाझिड आणि प्रत्येक पायरीला रक्ताची तपासणी. ज्या औषधावर आकडे पुन्हा उसळतात ते दोषी ठरतं. कावीळ मोठी झालेली असेल तर पायराझिनामाइड परत देतच नाहीत आणि उपचार लांबवतात. मधल्या काळात आजार जास्त असेल तर यकृताला न छळणारी औषधं चालू ठेवतात. हा सगळा खेळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. "आता बरं वाटतंय" म्हणून रुग्णानं घरी उरलेलं पाकीट उघडून आपल्या मनानं सुरुवात करू नये.

याचं आणखी एक कारण आहे. रिफाम्पिसिन नियमित घेतलं तर शरीराला त्याची सवय होते. खाडे करत घेतलं किंवा काही आठवडे बंद ठेवून एकदम सुरू केलं, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर उलटू शकते. थंडी वाजून ताप येणं, अंगावर जांभळे ठिपके उमटणं, क्वचित मूत्रपिंड बंद पडणं, असे प्रकार होतात. जांभळे ठिपके किंवा हिरड्यांतून रक्त म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्याची खूण. अशा माणसाला रिफाम्पिसिन पुन्हा कधीच देत नाहीत.

सांधेदुखी त्या मानानं सोपी. खांदे, गुडघे, बोटांचे सांधे दुखतात, कधी सुजतात. हे पायराझिनामाइडचं काम. ते युरिक ॲसिड मूत्रपिंडातून बाहेर जाऊ देत नाही. हे औषध घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं युरिक ॲसिड वाढतं, त्यामुळे नुसता रिपोर्ट पाहून हबकण्याचं कारण नाही. दुखत असेल तर दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, पाणी भरपूर प्यावं, शेकावं. गाउटसाठी दिली जाणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी इथे उपयोगी पडत नाही. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड संपतं आणि दुखणंही ओसरतं. "अजून तीन आठवडे, मग हे थांबणार आहे" एवढं कळलं तरी माणूस ते सोसतो. कधी संपणार हे माहीत नसलेलं दुखणं सोसणं फार कठीण.

तळपायांची आग, मुंग्या, कापसावरून चालल्यासारखं वाटणं ही तक्रार आयसोनियाझिडची. ते शरीरातलं ब-६ जीवनसत्त्व खर्ची घालतं आणि नसांना त्याची उणीव भासते. आयसोनियाझिडचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा काहींची जलद चालते, काहींची संथ. भारतात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोक संथ गटातले आहेत, त्यांच्या अंगात औषध जास्त वेळ राहतं. मधुमेही, गर्भवती, दारू पिणारे, अंगावर मांस नसलेले यांना हा त्रास लवकर होतो. म्हणून त्यांना सुरुवातीपासून पायरिडॉक्सिनची, म्हणजे ब-६ची, छोटी गोळी देतात, रोज १० ते २५ मिलिग्रॅम. त्रास सुरू झालाच तर डॉक्टर ती मात्रा वाढवतात. स्वतःहून मात्र वाढवू नये, कारण ब-६ फार दिवस भरमसाट घेतलं तर तेही नसांनाच अपाय करतं. मुंग्यांची तक्रार लवकर सांगितली तर पूर्ण बरी होते. सहा महिने अंगावर काढली तर मग नसा सावरायला फार वेळ लागतो.

कोकण-गोव्याकडच्या वाचकांसाठी एक छोटीशी गोष्ट. बांगडा, सुरमई, ट्यूना या घराण्यातली मासळी नीट बर्फात ठेवलेली नसेल तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं. एरवी शरीर त्याचा निकाल लावतं, पण आयसोनियाझिड त्या कामात अडथळा आणतं. त्यामुळे असा मासा खाल्ल्यावर चेहरा लालबुंद होणं, डोकं ठणकणं, धडधड होणं, अंगावर गांधी उठणं असं होऊ शकतं. मासे सोडायचे नाहीत, ताजे खायचे.

डोळ्यांकडे मात्र विशेष लक्ष हवं. इथॅम्ब्युटॉल क्वचित डोळ्याच्या नसेला सूज आणतं. नेहमीच्या मात्रेत, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास, हे शंभरात एकालाही होत नाही. मात्रा वाढली किंवा मूत्रपिंड अधू असलं की धोका वाढतो. ते सहसा दोन महिन्यांनंतर सुरू होतं, आणि भारतात इथॅम्ब्युटॉल सहाही महिने चालू असतं, म्हणून पहिल्या टप्प्यानंतर बेफिकीर होऊन चालत नाही. दुखत काहीच नाही. नजर हळूच धूसर होते, मधोमध ठिपका आल्यासारखं वाटतं, लाल आणि हिरवा रंग फिके किंवा एकसारखे दिसायला लागतात. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे कळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरावीक जागी बसून, एक डोळा तळहातानं झाकून वर्तमानपत्राचा बारीक मजकूर वाचावा, मग दुसरा झाकून वाचावा. वाचता न येणाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे लाल आकडे किंवा समोर ठेवलेली लाल आणि हिरवी मिरची अशीच एकेका डोळ्यानं पाहावी. फरक जाणवला तर दुसऱ्या दिवशीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना भेटावं. इथॅम्ब्युटॉल लगेच बंद केलं तर बहुतेकांची नजर परत येते, उशीर केला तर येईलच असं नाही. लहान मुलांना नजरेतला बदल सांगता येत नाही, तेव्हा मूल वस्तूंना अडखळतंय का, टीव्हीच्या फार जवळ जातंय का, हे आई-वडिलांनी पाहायला हवं.

त्वचेबद्दल थोडक्यात. नुसती खाज असेल तर ॲलर्जीची गोळी घेऊन औषध चालू ठेवता येतं. अंगभर पुरळ, त्याबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, चेहऱ्यावर सूज असं झालं तर सगळ्या गोळ्या तिथल्या तिथे थांबवायच्या आणि थेट रुग्णालयात जायचं.

काही त्रास त्रासासारखे दिसतात आणि नसतात. मानेतल्या गाठींचा टीबी असलेल्यांच्या गाठी औषध सुरू केल्यावर कधी कधी आधी वाढतात, नवीनही येतात. औषध चुकीचं आहे असं वाटून माणूस हवालदिल होतो. मरणाऱ्या जंतूंच्या अवशेषांशी शरीर जोमानं लढत असल्यामुळे हे घडतं. डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी, गोळ्या सोडू नयेत.

रिफाम्पिसिनचा आणखी एक परिणाम असा आहे, की तो अंगाला जाणवतच नाही. हे औषध यकृतातल्या इतर औषधं पचवणाऱ्या यंत्रणेला चेतवतं, आणि मग सोबतच्या गोळ्या लवकर नष्ट होतात. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. टीबीचा उपचार संपल्यावरही जवळजवळ चार आठवडे हा परिणाम टिकतो, म्हणून या काळात तांबी किंवा दुसरा उपाय हवा. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होऊन साखर चढते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, थायरॉइडची गोळी, स्टिरॉइड, एचआयव्हीची काही औषधं, फिटची औषधं या सगळ्यांच्या मात्रा पुन्हा पाहाव्या लागतात. यावर उपाय अगदी साधा आहे. टीबीच्या पहिल्या भेटीला जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, आयुर्वेदिक चूर्णासकट. आणि टीबीचा उपचार संपल्यावर पुन्हा एकदा न्यावीत, कारण वाढवलेल्या मात्रा तेव्हा कमी कराव्या लागतात.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं जग वेगळं, आणि ते कितीतरी खडतर होतं. कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं महिनोन्‌महिने टोचली जात आणि काहींचं ऐकू येणं कायमचं जाई. मुंबईच्या पत्रकार आणि भरतनाट्यम नर्तिका नंदिता वेंकटेसन यांना २०१३ साली याच उपचारात बहिरेपण आलं. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्याही वाट्याला तेच आलं होतं. बेडाक्विलिन या नव्या औषधाची मक्तेदारी वाढवून मागणाऱ्या पेटंट अर्जाला या दोघींनी मिळून भारतात विरोध केला, आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच इंजेक्शनांऐवजी तोंडी औषधांचा आग्रह धरला होता, आणि २०२४ मध्ये भारतानं बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन अशा चार गोळ्यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. त्रास यातही आहेत. लिनेझोलिडनं रक्त कमी होतं, नसा आणि नजर बिघडू शकते. बेडाक्विलिनसाठी ईसीजी काढत राहावा लागतो. इतर उपचारांत वापरलं जाणारं सायक्लोसेरिन मनावर घाला घालतं: झोप उडते, भास होतात, जीव नकोसा वाटतो. हे दुबळ्या मनाचं लक्षण समजून गप्प बसणं फार घातक आहे. तो गोळीचा परिणाम आहे, तो सांगायचाच असतो आणि त्यावर उपाय आहे.

आता खाण्याचं. टीबी झाला की घरात पथ्यांची यादी सुरू होते: अंडं गरम, मटण गरम, दही थंड, केळं कफाचं, शेंगदाण्यानं खोकला. सगळं वगळून माणूस पेज-भातावर येतो, आणि गोळ्यांचा त्रास उपाशी शरीराला जास्त होतो. झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आले. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसात पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो. अंडी, डाळी, मोड आलेली कडधान्यं, शेंगदाणे, दूध, मासे, जे घरात येतं ते सगळं चालतं. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवले. दर महिन्याला वजन करून घ्यावं, कारण वजनाचा गट बदलला तर गोळ्यांची संख्याही बदलावी लागते.

या सगळ्यात सर्वांत एकटी पडते ती लपवून औषध घेणारी बाई. नुकतं लग्न झालेलं, सासरी कळू द्यायचं नाही, गोळ्या धान्याच्या डब्यात दडवलेल्या. लाल लघवीबद्दल विचारायचं कुणाला? उलट्या झाल्या तर घरात वेगळाच अर्थ काढला जातो. दवाखान्यात एकटी जाता येत नाही. टीबीच्या कलंकाबद्दल आपण बोलतो तेव्हा मानअपमानाचं बोलतो, पण त्याची वैद्यकीय किंमतही आहे. जी बाई त्रास सांगू शकत नाही, तिची कावीळ उशिरा कळते. अशा वेळी १८००-११-६६६६ या निक्षयच्या निःशुल्क क्रमांकावर फोन करून विचारता येतं. आशाताईंनी किंवा परिचारिकेनं तिला एकटीला बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलणं याला तोड नाही. "काही त्रास नाही ना?" असं विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं. "जेवण जातं का? उलटी झाली का? पायाला मुंग्या येतात का? नजर कशी आहे?" असं एकेक विचारलं तर ती बोलते.

सहा महिने पूर्ण झाले की लघवीचा रंग काही दिवसांत पूर्ववत होतो, भूक खुलते. पायांच्या मुंग्या मात्र महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात. त्या असतील तर ब-६ बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. शेवटची गोळी घेतल्यानंतरही सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणीला जायचं असतं, बरं वाटत असलं तरी. उपचारात कुठलं औषध बदललं, कुठलं थांबवलं आणि का, याची नोंद असलेला कागद जपून ठेवावा. पुढे कधी टीबी उलटला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणासाठी प्रतिबंधक औषधाचा विचार करायची वेळ आली, तर डॉक्टर आधी तोच कागद मागतील.